मिस पेनगेलींचे विराम

हल, मंगळवार, ६ ऑक्टोबर १९५३

आणि मी प्रॉम्प्टरच्या कोपऱ्यातून राणीला पुढचा शब्द दिला. कुजबुजत नव्हे, ऐकू जाईल असा. तिसऱ्या अंकात राणी मेलेल्या मुलाचा अंगरखा हातात घेऊन उभी असते, तिथे. ती थांबल्यापासून मी पाचपर्यंत मोजले होते. पाच म्हणजे पुष्कळ झाले. नाटकाच्या प्रतीत त्या जागी विरामाची खूण नाही. "या अंगरख्यात," असे मी म्हटले. राणीचे काम करणाऱ्या मिस पेनगेलींनी ते उचलले, "या अंगरख्यात अजून ऊब आहे," आणि अंक शेवटपर्यंत नीट गेला.

पडदा पडल्यावर त्या सरळ माझ्या कोपऱ्यात आल्या. मुकुट डोक्यावर तसाच होता. मागे सगळी मंडळी उभी होती, पडदे ओढणारेसुद्धा.

"मिस टोझर, किती वर्षं हे काम करता तुम्ही?"

"एकोणीस."

"एकोणीस वर्षांत विराम म्हणजे काय ते कुणी सांगितलं नाही तुम्हाला? मी थांबले होते. अडले नव्हते."

मी माफी मागितली. त्या गेल्या. वॉल्टर स्पिंक खोटी दाढी सोडवत तिथेच उभे होते. ते राणीच्या प्रधानाचे काम करतात. सत्तरीचे आहेत आणि तोंड बंद ठेवणे त्यांना जमत नाही.

"म्युरिएल, आज तुझा आवाज राणीपेक्षा छान पोचला. वरच्या गॅलरीत एका म्हाताऱ्यानं टाळ्या वाजवल्या म्हणे."

बाकीचे हसले. मीही हसले.

खोलीवर आल्यावर त्या ओळीपुढे पेन्सिलीने विरामाची खूण केली. प्रॉम्प्टरने नटाला दोनच प्रकारे फसवता येते: अडला असता गप्प बसून, आणि थांबला असता बोलून. दुसरे जास्त वाईट, असे मला शिकवले गेले. मिस पेनगेली चार वर्षांनी रंगभूमीवर परत आल्या आहेत. हल, लीड्स, नॉटिंगहॅम, ब्रायटन, आणि आजपासून चार आठवड्यांनी लंडन. त्यांचे वय अडुसष्ट. लंडनला हे जमले नाही तर पुन्हा कोणी बोलावणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. माझ्यामुळे काही बिघडता कामा नये.

हल, गुरुवार, ८ ऑक्टोबर

दुसऱ्या अंकात नवा विराम. दरबारात प्रधान निरोप सांगतो आणि राणीने लगेच उत्तर द्यायचे असते. आज त्या थांबल्या. मी नऊपर्यंत मोजले. ओळ जिभेवर होती, ती दातांखाली धरली. प्रेक्षागृहात कोणी खोकलेदेखील नाही. मग त्या बोलल्या, आणि ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलेले असूनही नवे वाटले.

खूण केली.

आत जाताना त्यांनी माझ्या गालावर दोन बोटे टेकवली. "शिकलीस," म्हणाल्या.

मला फार बरे वाटले. इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखे नाही.

रविवार, ११ ऑक्टोबर, हलहून लीड्सला जाताना

गाडी सेल्बीला अर्धा तास थांबली. आमचा डबा राखीव होता, काचेवर कंपनीच्या नावाची चिठ्ठी होती. मागे मालाच्या दोन वाघिणी भरून नेपथ्याचे सामान, आणि त्यांना लागून मासळीच्या वाघिणी. वास सगळीकडे.

मिस पेनगेलींनी मला त्यांच्या खणात बोलावले. त्या एकट्या होत्या. गुडघ्यांवर घोंगडी, हातात न वाचलेले वर्तमानपत्र.

"म्युरिएल, सकाळी काय करतेस तू?"

"कपडे धुते. पत्रं लिहिते."

"कुणाला?"

"बहिणीला."

"आठवड्यातून एक पुरे तिला. सकाळी दहाला माझ्याकडे येत जा. माझ्या ओळी ऐक."

मी म्हटले, ते काम जोनचे असते. जोन ऑलरेड म्हणजे मिस पेनगेलींची बदली नटी. त्या आजारी पडल्या तर राणी तिने करायची. एरवी ती दासीच्या कामात एक अंकभर गुडघे टेकून बसते.

"जोनसमोर ओळी म्हणायला बसलं की तिचे ओठ हलतात. आपण जेवत असावं आणि समोरच्यानं आपला घास मोजावा, तसं वाटतं. तुला काही नको असतं. म्हणून तू."

मला काही नको असते हे खरे आहे का, याचा लीड्स येईपर्यंत विचार केला. पूर्वी हवे होते. बत्तीस वर्षांची होईपर्यंत मी लहान कामे केली: दासी, गवळण, तिसरी बाई. मग एका थंडीत प्रॉम्प्टर आजारी पडली आणि मला पुस्तकावर बसवले. कोणी ऊठ म्हणाले नाही.

लीड्स, बुधवार, १४ ऑक्टोबर

सकाळचा तास आता ठरून गेला आहे. घरमालकीण भाजलेला बांगडा आणि चहा वर आणून देते. मिस पेनगेली बांगडा मला देतात, स्वतः टोस्टला मुरंबा लावून खातात. साखरेचे रेशन उठल्यापासून त्या चहात तीन चमचे घालतात आणि ढवळताना माझ्याकडे बघत नाहीत.

मग ओळी. त्यांना संवाद संपूर्ण येतात. मी पहिले दोन शब्द म्हटले की पुढच्या चाळीस ओळी न अडखळता येतात, श्वासासकट. दोन शब्द मात्र मी म्हणायचे. त्यांची पद्धत तशी आहे.

मध्येच आयुष्यातले सांगतात. रेडरुथला जन्म, कॉर्नवॉलमध्ये. वडील खाणीतल्या इंजिनावर कामाला, घरात कडक धर्म, नाटक म्हणजे नरक. सतराव्या वर्षी प्लिमथला एक फिरती कंपनी आली तिच्याबरोबर त्या गेल्या. दोन वर्षे मुख्य नटीच्या झग्याचा घोळ उचलला. एका रात्री त्या बाईंचा घोटा मुरगळला आणि राणीची वस्त्रे मिस पेनगेलींच्या अंगावर आली, पाठीमागे टाचण्या लावून. "पाठ फिरवायची नव्हती मला. पूर्ण नाटक मी खेकड्यासारखी आडवी चालले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, काय ही राजेशाही चाल."

वडील फक्त एकदा आले. आत आले नाहीत, मागच्या दाराशी टोपी हातात धरून उभे राहिले. त्यांनी विचारले, "रोज हेच बोलतेस?" त्या हो म्हणाल्या. "मग ते खरं कसं?" उत्तर न ऐकता गेले.

"त्या प्रश्नावर मी पन्नास वर्षं काम केलं," मिस पेनगेली म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चल, कुठला अंक?"

मी म्हटले, चौथा. चौथा आम्ही नुकताच संपवला होता, पण पुन्हा म्हणायचा असेल असे वाटले.

लीड्स, शुक्रवार, १६ ऑक्टोबर

इथल्या वर्तमानपत्रात मोठे परीक्षण. वॉल्टरनी रंगपटात खुर्चीवर उभे राहून वाचले: मिस पेनगेली यांनी या जुन्या पद्यनाटकात शब्दांच्या मधली जागा शोधली आहे, राणी जेव्हा गप्प राहते तेव्हा आपण श्वास घेण्यास विसरतो.

"मी पण विसरतो," वॉल्टर म्हणाले. "परवा निळा पडलो होतो."

दिग्दर्शक बेसिल क्रॅडॉक फार खूश आहेत. वय चौतीस, मिस पेनगेलींना परत आणण्याची कल्पना त्यांची. त्यांनी माझी प्रत मागून घेतली आणि खुणा मोजल्या. अकरा. "अकरा विराम, आणि तालमीत यातला एक नव्हता. हे कुणी शिकवून येत नाही, म्युरिएल. जपून ठेव ती प्रत. लंडनला हेच बघायला लोक येणार आहेत."

प्रयोग आता सात मिनिटे लांबतो. शेवटची ट्राम चुकते म्हणून थिएटरवाले कुरकुर करतात.

एक गोष्ट. वॉल्टर माझ्यामागून जिना उतरताना म्हणाले, "विरामात तू कुठे बघतेस गं?"

"पानावर. दुसरं कुठे बघणार?"

"हो. बरोबर आहे," ते म्हणाले.

नजर गेली की ओळ जाते. बोट ओळीखाली, डोळे बोटावर. एकोणीस वर्षांत मी एकही प्रवेश डोळे वर करून पाहिलेला नाही.

नॉटिंगहॅम, मंगळवार, २० ऑक्टोबर

आज सकाळी पुन्हा ती मागच्या दाराची गोष्ट सांगितली. यावेळी दाराशी आई होती, आणि गाव एक्सेटर. प्रश्न तोच. इतक्या गावांतून फिरल्यावर गावे मिसळणारच. युद्धातले मात्र स्पष्ट सांगतात: दिवे बंद असल्याने दुपारचे प्रयोग, वेल्समध्ये खाणकामगारांच्या सभागृहात लाकडी खोक्यांवर, पहिल्या रांगेतले लोक पाळी संपवून काळ्या तोंडाने आलेले. "त्यांच्यासमोर थांबता येत नसे. ते थकलेले असायचे. शब्द पटपट द्यावा लागे. फार चांगलं काम केलं मी तेव्हा."

आता वॉल्टरविषयी. दुसऱ्या अंकात त्यांची ओळ आहे, "राणीसाहेब, दरबार वाट पाहतो आहे." एवढीच. आज ते म्हणाले, "राणीसाहेब, दरबार वाट पाहतो आहे. त्यांनी किल्ले मागितले आहेत." राणीचे पुढचे भाषण "किल्ले मागितले आहेत त्यांनी" असे सुरू होते. म्हणजे त्यांनी तिच्या तोंडचे शब्द आधीच म्हणून टाकले. विराम झालाच नाही. चौथ्या अंकातही तसेच, शिवाय तिथे त्यांनी तिचा हात धरला, जे कुठेही लिहिलेले नाही.

सत्तर वर्षांचा माणूस आणि इतका मत्सर.

नॉटिंगहॅम, गुरुवार, २२ ऑक्टोबर

आज पाच जागी. मी पाचही लिहून घेतल्या. मिस्टर क्रॅडॉकना कागद दिला. हे माझे कर्तव्य आहे. संहिता जशी लिहिली तशी बोलली जाते की नाही हे बघायला मला पगार मिळतो. त्यांनी कागद वाचला आणि त्यांचे कान लाल झाले. वॉल्टरना सगळ्यांसमोर सुनावले. पुन्हा एक शब्द जास्त आला तर लंडनला दुसरा प्रधान.

वॉल्टर म्हणाले, "ठीक आहे, साहेब. जेवढं लिहिलंय तेवढंच."

मिस पेनगेली तिथे होत्या. काही बोलल्या नाहीत. मला वाटले होते बोलतील.

नॉटिंगहॅम, शनिवार, २४ ऑक्टोबर

दुपारचा प्रयोग. दुसरा अंक. वॉल्टरनी लिहिले आहे तेवढेच म्हटले.

एकतीसनंतर मी मोजणे सोडले. दासी म्हणून खाली बसलेल्या जोनने तोंड वर केले आणि तिची ओळ म्हटली, जी बावीस ओळींनंतर येते. मिस पेनगेली वळल्या आणि बाहेर गेल्या, उजवीकडून. डावीकडून जायचे असते. उजवीकडे भिंत आहे. पडदा पडेपर्यंत त्या तिथे भिंतीशी उभ्या होत्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या प्रतीत मी काय लिहू ते कळेना. शेवटी काहीच लिहिले नाही.

दोन प्रयोगांमध्ये वॉल्टर माझ्याकडे आले. हातात मटणाचा गरम पॅटिस होता, त्यातला अर्धा मला दिला. मी नको म्हटले.

"खा. रागावलो नाहीये मी. तुझ्या जागी मी असतो तर मीही कागद दिला असता. तू पुस्तकाशी इमानी आहेस."

"तुम्ही तिचे शब्द चोरत होतात."

त्यांनी बराच वेळ चावले. "म्युरिएल, आज रात्री जमणार नाही तुला, सोमवारी एक कर. ती थांबली की पानावरून डोळे काढ. एकदाच. ओळ चुकली तर मला शिव्या दे."

ब्रायटन, सोमवार, २६ ऑक्टोबर

डोळे काढले.

ती माझ्याकडे बघत होती.

प्रेक्षकांकडे नाही, प्रधानाकडे नाही. मान थोडी डावीकडे, जशी त्या सगळ्या विरामांत असते असे सगळे सांगतात आणि परीक्षणातही आले आहे. माझ्या कोपऱ्याकडे. तोंड किंचित उघडे. मला वाटते सगळ्या विरामांत असेच असणार, हलपासून. चौदा झाले आतापर्यंत. चौदा वेळा ती माझ्याकडे बघत होती आणि मी बोटाकडे बघत मोजत होते, आणि खोलीवर येऊन खूण करत होते.

मी शब्द दिला. तो नीट निघाला नाही. तिने घेतला.

ब्रायटन, मंगळवार, २७ ऑक्टोबर

झोप लागली नाही. दहाला गेले. खिडकीतून समुद्र दिसतो, राखाडी, लाटा नाहीत. मिस पेनगेली कपडे करून बसल्या होत्या. हातमोजेही घातले होते.

"तू मिस्टर क्रॅडॉककडे जाऊन आलीस?" त्यांनी विचारले.

"नाही."

"जाणार आहेस?"

मी म्हटले, मला माहीत नाही. ते खरे होते. मी सांगितले तर जोन राणी करील आणि बरी करील. न सांगता लंडनला काही झाले तर ते हजार लोकांसमोर होईल. प्रॉम्प्टरचे इमान कोणाशी, हे कोणी शिकवलेले नाही. मला वाटत होते ते पुस्तकाशी.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर म्हणतात विश्रांती घ्या. डॉक्टरांना दुसरं काय येतं?" त्यांनी हातमोजे काढले आणि मांडीवर सरळ केले. "सगळं जात नाही गं. दार जातं. खोली तशीच आहे आत, सामान जागच्या जागी. दार कुठे आहे तेवढं सापडत नाही."

मी विचारले, मग हलमध्ये मला तसे का बोललात.

"काय बोलले मी?"

त्यांना आठवत नव्हते, की नाटक करत होत्या, ते मला ओळखता आले नाही. एवढी मोठी नटी आहे ती.

"मला लंडनला एकदा उभं राहायचंय," त्या म्हणाल्या. "किती दिवस ते तू ठरव. एक दिवस तरी."

मी प्रत उघडली. म्हटले, आपण असे करू: तुम्ही थांबायच्या आतच मी देईन. अर्धा श्वास आधी. लोकांना तुमचा आवाज ऐकू येईल, माझा नाही. पण मी बघत राहायला हवे आणि तुम्ही डावीकडच्या माझ्या कोपऱ्यापासून तीन पावलांपेक्षा लांब जायचे नाही.

"प्रधान उजवीकडे असतो चौथ्या अंकात."

"वॉल्टरना सांगते. ते येतील डावीकडे."

"लिहिलेलं नाहीये ते," त्या म्हणाल्या. आणि हसल्या, माझ्याकडे बघून, थोडे दुष्टपणे. ते माझ्या वाट्याला यायलाच हवे होते.

ब्रायटन, शुक्रवार, ३० ऑक्टोबर

मिस्टर क्रॅडॉक दिवे आणि पडदे लावायला लंडनला गेले आहेत. त्यांनी हे चार प्रयोग पाहिलेले नाहीत.

जमते आहे. आता मी पान पाहत नाही. पाठ झाले आहे. तिचे खांदे पाहते. शब्द जायच्या आधी डावा खांदा किंचित वर येतो, मग मी देते आणि तो खाली येतो. आज तिसऱ्या अंकात एकदाही थांबावे लागले नाही. अंगरख्याचे भाषण सलग, वेगाने, थकलेल्या माणसाला सांगावे तसे. मी कोपऱ्यात उभी राहिले होते. स्टूल केव्हा मागे सरकवले आठवत नाही.

प्रयोग पूर्वीइतक्या वेळात संपतो. जोन जाताना म्हणाली, "मिस टोझर, तुमचा आवाज चौथ्या रांगेपर्यंत येतो. माझी मावशी बसली होती." ती हे वाईटपणाने म्हणाली नाही. मी विचारले, मिस्टर क्रॅडॉकना सांगणार का. "तुम्हीच सांगा ना," ती म्हणाली. "मी सांगितलं तर कसं दिसेल?"

तिला ते काम किती हवे आहे हे मला माहीत आहे. मी सांगितले नाही. यात मिस पेनगेलींवरचे प्रेम किती आणि खांद्याकडे बघत उभे राहण्याचे सुख किती, हे वेगळे करता येत नाही.

लंडन, मंगळवार, ३ नोव्हेंबर

काल फक्त दिव्यांची तालीम. मिस पेनगेली आवाज जपतात म्हणून ओळी म्हणत नाहीत, नुसत्या जागा चालून दाखवतात. कोणी काही विचारले नाही.

आज पहिला प्रयोग. थिएटर भरलेले. इथला कोपरा मंचापासून लांब आहे, हे मला काल कळायला हवे होते. आवाज मोठा करावा लागला. सतरा जागी दिला. सतराही तिने घेतले. कुठेही अडले नाही, कुठेही थांबले नाही. पडदा पडल्यावर ती वॉल्टरच्या खांद्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "झालं का?"

"झालं, बाई," वॉल्टर म्हणाले. "आता फक्त वाकायचं आहे. ते मी पण करणार आहे, बघून कर."

लंडन, बुधवार, ४ नोव्हेंबर

अकराला सगळ्यांना मंचावर बोलावले होते. पहिल्या प्रयोगानंतरच्या सूचनांसाठी बोलावतात तसे. मिस्टर क्रॅडॉकच्या हातात तीन वर्तमानपत्रे. त्यांनी एकच वाचले. उत्तरेकडून ज्या मौनाची कीर्ती आली होती ते इथे दिसले नाही. दिसली ती एक सराईत, घाईची राणी. आणि प्रॉम्प्टरच्या कोपऱ्यातून येणारा एक आवाज, ज्याने तिला एकदाही गप्प राहू दिले नाही.

"प्रत आण, म्युरिएल."

आणली.

"या खुणा कुणाच्या?"

"माझ्या."

"काय म्हणून केल्यास?"

"विराम म्हणून."

"म्हणजे विराम कुठे आहेत ते तूच लिहिलंस. आणि काल नेमकं तिथेच तूच बोललीस."

"हो."

"का?"

पुढे काय म्हणायचे ते माझ्याकडे नव्हते. सगळे मंचावर उभे होते, कोट घालून, कारण सकाळी थिएटर तापवत नाहीत. वॉल्टर टोपीच्या आत बघत होते.

"चुकले," मी म्हटले. "घाबरले. नवं थिएटर आहे."

"एकोणीस वर्षांनी घाबरलीस." ते ओरडले नाहीत. "शनिवारपर्यंतचा पगार घे. आज संध्याकाळपासून दुसरं कुणीतरी बसेल. " ते मिस पेनगेलींकडे वळले. "आणि हेस्टर, तुम्ही कृपा करून ते विराम परत घ्या. लोक त्यासाठी येताहेत."

मिस पेनगेली सिंहासनावर बसल्या होत्या, कारण मंचावर दुसरी खुर्ची नव्हती. पायांशी पिशवी होती.

"कुठले विराम, बेसिल?"

"तेच. लीड्सचे. नॉटिंगहॅमचे."

"ते नव्हते. मला पुढचं आठवत नव्हतं."

"हेस्टर, सतरा जागी?"

"सतरा तिनं मोजल्या. मी मोजल्या नाहीत." त्या उठल्या नाहीत. "नॉटिंगहॅमला मी भिंतीशी उभी होते ते तुला आठवतंय? तुला ते फार आवडलं होतं. मला वाटलं होतं तिथे दार आहे."

मिस्टर क्रॅडॉकनी वर्तमानपत्राची घडी केली, मग आणखी एक घडी केली. ते एकदम लहान दिसले. त्यांनी विचारले, कधीपासून.

"ते हिला विचार. तारखा हिच्याकडे असतात."

मी माझी प्रत परत घेतली.

"सोमवारपासून जोन करील," मिस पेनगेली म्हणाल्या. "शनिवारपर्यंत मी, ही कोपऱ्यात असेल तर. दुसरं कुणी बसलं तर आजपासूनच जोन. रडू नकोस, जोन, नाक लाल होतं तुझं, ते दिव्यांत दिसतं."

"आणि बाहेर काय सांगू?" मिस्टर क्रॅडॉक म्हणाले.

"तब्येत सांग. नाही तर खरं सांग. नाटक तुझं आहे."

म्हणजे मी राहिले. खोलीवर येऊन दोन तास झाले, पण त्यांनी हे का केले ते कळत नाही. मी चूक कबूल केलीच होती. माझ्यासारखी प्रॉम्प्टर कुठेही मिळते, आणि दुसरीला शिकवायला सहा दिवस पुरले असते. लोकांना वाटत राहिले असते की ते विराम होते. मलाही पुष्कळ दिवस तसेच वाटले होते आणि त्यात कोणाचे काही बिघडले नव्हते. वॉल्टरना विचारले. ते म्हणाले, "तू खरंच विचारतेस?" आणि मग, "कोट बदल, म्युरिएल. बाही फाटलीय."

संध्याकाळचा प्रयोग नीट झाला. सतरा.

लंडन, गुरुवार, ५ नोव्हेंबर

सकाळी दहाला मिस पेनगेली जोनच्या ओळी ऐकायला थिएटरवर आल्या. जोन आधीच आली होती. तालमीच्या खोलीतली शेगडी पेटेना, म्हणून कोट घालूनच बसलो. जोनने पहिल्या अंकापासून सुरुवात केली. मी प्रत उघडून बसले. मिस पेनगेलींनी ऐकले. पाऊण वाजता दुसरा अंक संपला तेव्हा आम्ही जेवायला गेलो.